दोनशे सात क्रमांकाचा आवाज

९ जानेवारी

धाकट्या,

पत्राच्या वर 'अनेक आशीर्वाद' लिहायची हाताला सवय आहे. आज हात आवरला.

तुझ्या कंपनीचं पाकीट मिळालं. वर निळी पट्टी, आत गुळगुळीत कागद. 'खाली सही करणारे असे जाहीर करतात की सोबतच्या तीनशे बारा ध्वनिमुद्रणांतील आवाज त्यांचाच असून यंत्राच्या प्रशिक्षणासाठी तो वापरण्यास त्यांची संमती आहे.' सोबत नखाएवढा पेन ड्राइव्ह आणि तीनशे बारा ओळींची यादी. ऐकून, खात्री करून, एप्रिल संपायच्या आत सही करायची म्हणे. सही आली नाही तर तुझी तिथली खुर्ची जाईल. हे तू माझ्या पोरीला सांगितलंस, पोरीने तुझ्या वहिनीला सांगितलं, आणि मी शेजारच्या खोलीत चपला घालता घालता ऐकलं. माझे कान तुला माहीत आहेत.

तुझी करणी मला कशी कळली, ते तुला अजून कुणी सांगितलेलं नसेल. दूध थंड करायच्या केंद्रात गेलो होतो, तिमाही तपासणीला. लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक बेअरिंगवर, मूठ कानाला, नेहमीसारखं. तिथला मॅनेजर हसून म्हणाला, "शेठ, कशाला वाकता? आता ही डबी ऐकते." पंपाला साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी चिकटवलेली. म्हणाला, चाचणीसाठी फुकट लावून गेलेत. त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. पडद्यावर लिहिलं होतं: 'ओला घसा. आठ दिवसांत ग्रीस बदला.'

ओला घसा!

जगात बेअरिंगमध्ये पाणी शिरल्याच्या आवाजाला 'ओला घसा' म्हणणारी माणसं दोन. एक मी, कारण तो शब्द माझा. दुसरा तू, कारण मी तो तुला दिला. खाली आणखी दिसले: 'म्हातारीची चाल', 'किरकिऱ्या', 'दातखीळ'. तू नावंसुद्धा बदलली नाहीस रे. चोर निदान ताटावरचं नाव तरी घासून काढतो.

दोन वर्षं तू प्रत्येक कामावर विचारायचास, "दादा, हा आवाज कसला? नीट सांग ना." मला वाटायचं, पोरगं शेवटी शिकायला लागलं. मी फुलून सांगायचो. तुझ्या खिशातला मोबाइल ऐकत होता. मी तुला शिकवतच नव्हतो, डबीला शिकवत होतो.

आता दुसरी गोष्ट. ट्रायथलॉनचा फॉर्म तूच भरला होतास. 'तीन चाकी' असं टीमचं नाव, तू पोहणार, मी सायकल, पोरगी धावणार. काल त्यांच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. "सर, तुमच्या पहिल्या मेंबरने नाव काढून घेतलंय. टीम रद्द करू का?"

म्हटलं, "टीम रद्द करा. माझं एकट्याचं नाव घ्या. तिन्ही मीच करणार."

"सर, पोहता येतं ना?"

"येईल."

तिने नाव लिहून घेतलं. मग म्हणाली, "सर, पाच एप्रिलला आहे."

पोरगी कपाळावर हात मारून बसली. "बाबा, साडेसातशे मीटर तळं आहे ते. बादली नाही."

त्रेपन्नावं वर्ष चालू आहे. गुडघ्याच्या वर पाण्यात मी कधी उतरलेलो नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? तुला पोहायला घालायला मीच न्यायचो आणि बाहेर तुझे कपडे धरून बसायचो. पण तुझ्याशिवाय एक काम अडलं, असं होऊ देणार नाही.

सही करणार नाही. हे पत्र पेटीत टाकायचं की नाही, तेही ठरलेलं नाही. आत्ता ड्रॉवरमध्ये, तुझ्या पाकिटावर.

२ फेब्रुवारी

धाकट्या,

तीन आठवडे पोहायच्या टँकवर जातोय. सकाळी सहा ते आठ. शिकवणाऱ्या बाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, निवृत्त झाल्यात. काठावर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात, हातात लांब काठी. कुणी बुडायला लागलं की काठी पुढे करतात, कुणी आळस केला की तीच काठी पाठीत. पहिल्या दिवशी विचारलं, "काय करता?"

"मोटारी, पंप दुरुस्तीचं वर्कशॉप आहे."

"म्हणजे कारखानदार. बरं कारखानदार, पाण्यात तुमचं काही चालत नाही, एवढं लक्षात ठेवा."

तेव्हापासून अख्ख्या टँकवर मी कारखानदार. माझ्या वर्गात बाकीची सगळी सात-आठ वर्षांची. त्यांच्यासोबत कठडा धरून पाय मारायचे. एक चिमुरडी मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही पाणी पिऊ नका, त्यात सगळे शू करतात." काका म्हणाली असती तर काय बिघडलं असतं?

पाय जमले. हात जमले. श्वास जमत नाही, कारण मान खाली जात नाही. बाई ओरडतात, "मान कशाला वर? कुणी हाक मारलीय का? खाली बघा, खाली!" मी डोकं घालतो, पाणी कानावर चढतं, आणि मान आपोआप वर येते. पाठोपाठ कंबर खाली जाते, कंबर गेली की पाय जातात. मग मी उभाच्या उभा पाण्यात, गाळात रुतलेल्या खांबासारखा.

बाईंना वाटतं मी नाकातोंडात पाणी जाईल म्हणून भितो. नाक-तोंडाची मला फिकीर नाही. ज्याने तीस वर्षं कानावर पोट भरलं त्याने कान बुडवायचे म्हणजे दुकान बंद करून किल्ली दुसऱ्याच्या हातात देणं. कान बंद असताना मागे काय होतं, कुणी सांगावं? किल्ली देऊन एकदा बघितलंय ना.

कपडे बदलायच्या खोलीत मात्र कान उघडे असतात. काल पलीकडच्या रांगेत दोघं बोलत होते. "तो मोटारवाला रे. त्याचा भाऊ गेला ना मोठ्या कंपनीत. आता ईर्षेने पोहतोय." दुसरा म्हणाला, "ईर्षेने माणूस तरंगतो का?"

पहिला म्हणाला, "फुगून तरंगेल."

मी टॉवेल घेऊन पुढे झालो आणि दोघांना रामराम घातला. त्यांचे चेहरे तू बघायला हवे होतेस.

बघायला हवे होतेस, हे सवयीने लिहिलं. खोडत नाही.

तुझी वहिनी तुझं नाव काढत नाही, पण डब्यात पोळ्या अजून दोघांच्याच भरते. मी त्या मिस्त्रींना देतो. तेही काही न बोलता खातात. वर्कशॉपमध्ये हल्ली सगळेच काही न बोलता खातात.

२१ फेब्रुवारी

धाकट्या,

मान खाली गेली!

झालं असं की बाईंनी काठी माझ्या मानेवर ठेवली आणि म्हणाल्या, "आज ही उचलणार नाही. तुमची मर्जी." काठीला जोर नव्हता, पण शरम होती. गेलो खाली. डोळे मिटलेले, आणि वाटलं होतं की सगळं मुकं होईल. तसं काही होत नाही रे! पाण्याखाली एक आवाज असतो. घूंऽऽ असा, जाड, सगळीकडून येणारा. दोन क्षण कळेना कसला. मग ओळखला. गाळणीचा पंप! भिंतीमागची मोटार पाण्यातून थेट माझ्या हाडांत वाजत होती. ओळखीचं माणूस भेटलं म्हणायचं. त्या आवाजाच्या जोरावर मी टँकची अख्खी लांबी मान खाली घालून गेलो. पलीकडे कठड्याला हात लागला तेव्हा चिमुरड्यांनी टाळ्या वाजवल्या. तू पाचव्या दिवशी केलं होतंस, मला साडेपाच आठवडे लागले.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "कारखानदार, तुमच्या पोटापाण्याचं एक काम सांगू? ह्या पंपाची शिट्टी बघा की जरा. महिनाभर कान किटलेत."

मी पंपाच्या खोलीत गेलो. स्क्रू ड्रायव्हर सायकलच्या पिशवीत होताच. टोक पुढच्या बेअरिंगवर, मग मागच्या. स्वच्छ घूंऽऽ. ना ओला घसा, ना किरकिऱ्या. म्हटलं, "ठणठणीत. वर्षभर बघायला नको."

"आणि शिट्टी?"

"कसली शिट्टी?"

"अहो, आत्ता वाजतेय ती."

"बाई, वय झालं की कान वाजतात."

सगळे हसले. बाईही हसल्या, पण माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या.

असो. सायकलीचे वीस किलोमीटर सत्तेचाळीस मिनिटांत जातात. पिशवीभर पाने-पकडी घेऊन घरोघरी फिरलेल्या मांड्या आहेत, त्यांना काय शिकवायचं? पळणं वाईट आहे. पोरगी सोबत पळते आणि मधूनच म्हणते, "काकाला एक फोन कर ना." मी वेग वाढवतो. एवढ्यासाठीच ती म्हणत असावी.

८ मार्च

धाकट्या,

टँकचा पंप जाम झाला. मी ठणठणीत म्हटल्यानंतर सहाव्या दिवशी. मागचं बेअरिंग फुटलं, शाफ्ट घासला, वाइंडिंग जळालं. टँक नऊ दिवस बंद.

हल्ली बेअरिंगं बनावट येतात. बाहेर नावाजलेला शिक्का आणि आत कचरा. असं बेअरिंग कधी दगा देईल याचा नेम नसतो, त्याला कुणाचा कान काय करणार? हेच मी तिथल्या व्यवस्थापकाला सांगितलं. त्याला पटलं. मोटार फुकट भरून दिली.

बाईंना पटलं नाही. गेटवर गाठून म्हणाल्या, "उजवा कान कधी दाखवलाय?"

"काय झालंय उजव्याला?"

"मी उजवीकडून बोलले की तुम्ही हसून मान हलवता. डावीकडून बोलले की उत्तर देता. चाळीस वर्षं पोरं सांभाळलीत मी, कुणाला ऐकू येत नाही ते मला दिसतं."

कानात पाणी जाऊन दडा बसलाय, एवढंच घरी सांगून डॉक्टरकडे गेलो. तिथे एक पेटीसारखी खोली असते, भिंतींना स्पंज. आत बसवतात, डोक्याला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. डाव्या कानाला बरंच दाबलं. मग ती मुलगी म्हणाली, "आता उजवा." मी बटणावर अंगठा ठेवून बसलो. बसलो. सुरुवातीला एक-दोनदा दाबलं, मग नुसताच बसून राहिलो. काचेपलीकडे ती खाली मान घालून काहीतरी लिहीत होती. शेवटी मी दार ढकलून विचारलं, "ताई, पुढचं सुरू कधी करणार?"

ती म्हणाली, "झालं काका. संपलं."

डॉक्टरने आलेख दाखवला. कागदाच्या डाव्या कडेकडून बरा येतो आणि मग घसरगुंडीवरून पोर सुटावं तसा खाली. जाड आवाज शाबूत, बारीक आवाज दोन्ही कानांचे गेले, उजव्याचं तर त्याहून बरंच काही. आयुष्यभर घणघणाटात काम, त्यात उजव्यालाच लोखंड लावायची सवय. "हे आजचं नाही," म्हणाले. "पाच-सहा वर्षं तरी होत आलंय. घरच्यांच्या, कामावरच्या कुणाच्या लक्षात नाही आलं?"

म्हटलं, नाही आलं.

घरी आल्यावर तो आलेख ड्रॉवरमध्ये ठेवला, तुझ्या पाकिटाखाली. कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगतोय, कारण हे पत्र तुला मिळायचं नाही.

बनावट बेअरिंगचं वर लिहिलंय ते खोटं आहे. बेअरिंग अस्सल होतं. मी उघडून बघितलं.

१७ मार्च

डॉक्टरचा तो प्रश्न डोक्यातून जाईना. कुणाच्या लक्षात नाही आलं?

आज सगळे जेवायला गेल्यावर मी वाइंडिंगवाल्या मिस्त्रींसमोर स्टूल ओढून बसलो. ते वेढे भरत होते. तुला माहीत आहे, वेढे मोजताना ते देवाशीसुद्धा बोलणार नाहीत. मी म्हटलं, "मिस्त्री, माझं ऐकणं कधी चुकलंय का? खरं सांगा."

त्यांचा हात थांबला. अडतिसाव्या वेढ्यावर. एकवीस वर्षांत मी त्यांना अर्ध्या गुंडाळीवर थांबलेलं पाहिलेलं नाही.

"शेठ, आता कशाला?"

"म्हणजे चुकलंय."

"धाकटे म्हणाले होते, दादांच्या कानावर घालायचं नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मी ठीक म्हणून सोडलेल्या मोटारींकडे तू संध्याकाळी परत जायचास. बेअरिंग बदलायचास. गिऱ्हाईकाला सांगायचास, "दादांनीच पाठवलंय, त्यांना शंका आली होती." गिऱ्हाईक मला भेटल्यावर म्हणायचं, "शेठ, तुमच्यासारखा कान नाही." आणि मी मिशीत हसायचो! वर्कशॉपमध्ये सगळ्यांना ठाऊक. मिस्त्रींना, लेथवाल्याला, झाडूवाल्या मावशींना. दोन वर्षं ह्या सगळ्यांनी मला सांभाळून घेतलं, म्हाताऱ्याला हाताला धरून रस्ता ओलांडून देतात तसं. फक्त त्या म्हाताऱ्याला निदान कळतं की आपला हात कुणीतरी धरलाय.

तू माझा कान चोरलास, असं मी जानेवारीपासून म्हणत होतो. ते परवडलं असतं रे. चोरायला निदान आधी किंमत वाटावी लागते. तू माझ्यावर दया केलीस. मला न विचारता. गिऱ्हाइकांसमोर, नोकरांसमोर, आणि रोज माझ्याच ताटाला ताट लावून जेवत.

तुला मी काय कमी बोललो होतो? तुझ्या पहिल्या वाइंडिंगचा धूर झाला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालो होतो की हे असलं चालायचं नाही, पुन्हा कर. तू सतरा वर्षांचा होतास, रडलास, आणि पुन्हा केलंस. मी तुला खोटं सांगितलं असतं तर तू आज कुठे असतास? मग माझ्या वाट्याला खोटं का आलं? मी खरं ऐकायच्याही लायकीचा वाटलो नाही तुला?

मिस्त्रींनी गुंडाळी उसवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मी बाहेर जाऊन सायकल काढली.

आशीर्वाद नाही. नावही नाही.

१२ एप्रिल

धाकट्या,

शर्यत झाली. आठवडा झाला. लिहायला आज बसलोय, त्याचं कारण पुढे येईल.

तळ्याच्या काठावर दोनशे माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या, फोडणीत मोहरी उडावी तशी जागच्या जागी उड्या मारणारी. बाई आल्या होत्या. काठी आणली नव्हती, तर मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. म्हणाल्या, "सगळ्यांच्या मागून उतरा. धक्का लागला की उताणे व्हा, आकाश बघा, मग पुन्हा सुरू. आणि मान?"

"खाली."

"शहाणे."

भोंगा झाला. मी सगळ्यांच्या मागून उतरलो. तळ्याच्या पाण्यात घूंऽऽ नसतो. काहीच नसतं. हिरवं, गार, आणि मुकं. शंभर-एक मीटरवर कुणाची तरी टाच तोंडावर बसली, पाणी गिळलं, मागचे अंगावरून जायला लागले. उताणा झालो. आकाश बघितलं. मनात म्हटलं, ह्या कानांनी आता तसंही काय राखायचंय? दुकान तर कधीचं उघडं पडलंय. उलटा झालो आणि मान खाली घातली.

वाट दाखवायला पाण्यावर सोडलेल्या दुसऱ्या केशरी फुग्यापर्यंत बरं चाललं होतं. मग वाटलं, आजूबाजूला कुणीच कसं नाही? जुन्या खोडीने मान वर काढली, कानोसा घ्यायला. आणि काठावरून आवाज आला, "दादा, डावीकडे! डावीकडे!"

काठावरच्या गोंगाटात तो आवाज मी ओळखला. बारीक आवाज गेलेत माझे, तुझा जाड आहे. मी भलतीकडेच, वेताच्या बेटाकडे निघालो होतो. डावीकडे वळलो. तू ओरडलास म्हणून वळलो असं समजू नकोस, वळायचं डावीकडेच होतं.

पस्तीस मिनिटांची मुदत होती, मी तेहतिसाव्या मिनिटाला बाहेर आलो. काठावर तू नव्हतास. पोरीला विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. सायकलीवर एकसष्ट जणांना मागे टाकलं, मोजून. पळताना ते एकसष्ट जण परत पुढे गेले. शेवटच्या वळणावर पोरगी शेजारी पळत म्हणाली, "बाबा, घाई नाही, मागे फक्त ॲम्ब्युलन्स आहे." मी म्हटलं, तिला सांग, तिच्या पंख्याचा पट्टा सैल आहे, थपथप वाजतोय. तो मला ऐकू येत होता. खरंच येत होता.

पदक मिळालं. ज्याने पूर्ण केली त्या प्रत्येकाला मिळतं. तुझ्या वहिनीने ते देवाजवळ ठेवलं. घरात सगळे हसत असताना मी ड्रॉवर उघडून आलेख टेबलावर ठेवला आणि म्हटलं, हेही बघून घ्या. पोरीने तो उचलून आईला दाखवला. मग तुझी वहिनी म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम दुर्लक्ष करता." आमचा अर्धा संसार त्यात निघाला.

दुसऱ्या दिवशी पोरीने विचारलं, "तो पेन ड्राइव्ह ऐकायचा का? मी बसते तुझ्यासोबत."

बसलो. तीनशे बारा तुकडे, रोज संध्याकाळी दोन तास, चार दिवस. माझाच आवाज, 'ऐक धाकट्या, हा किरकिऱ्या'. केवढा ऐटबाज वाटतो रे मी! यादीत प्रत्येक तुकड्यापुढे मी सांगितलेलं निदान छापलेलं. पोरगी ऐकत होती, मी खुणा करत होतो.

दोनशे सात क्रमांक लागला आणि तिने दोन्ही हात कानांवर दाबले. "अगं काय झालं?" "बाबा, केवढी किंचाळतेय ती!"

मला किंचाळी नाही आली. मला मोटारीची स्वच्छ घूंऽऽ आली. मग माझा आवाज, "ठणठणीत. सोड." मग काहीच नाही. मग तुझा आवाज, "हो दादा. ठणठणीत."

तिला परत लावायला सांगितलं. परत. पाच वेळा. मी मोटार ऐकत नव्हतो. ते मधलं 'काहीच नाही' ऐकत होतो. घड्याळ लावून मोजलं. सहा सेकंद. आणि त्यानंतरचा तुझा 'हो दादा'. तो खोटा आहे, हे बहिऱ्याला कळेल. तेव्हा समोर उभा असून मला कळलं नाही, कारण तेव्हा मी तुला ऐकतच नव्हतो, मोटारीवर खूश होतो.

मग यादी बघितली. दोनशे सात: 'ठणठणीत'.

धाकट्या, इथे मी हादरलो. कंपनीच्या यादीतसुद्धा तू मला चूक ठरवलं नाहीस. मी जे म्हणालो तेच छापलंस. असे चौदा तुकडे निघाले. पोरीने ऐकले, मी लिहून घेतले. म्हणजे तुझी डबी माझ्या उजव्या कानासारखीच बहिरी झालीय. उद्या ती कुठल्या तरी दवाखान्याच्या पंपाला चिकटून म्हणेल, ठणठणीत. तेव्हा मागून गुपचूप जाऊन बेअरिंग बदलायला तू असशील का? माझी लाज राखलीस, ते घरातलं घरात झालं. ही लाज लोकांच्या जिवावर राखली जाणार होती.

म्हणून सही केली आहे. सोबत दुरुस्तीचा कागद जोडला आहे. चौदा क्रमांक, प्रत्येकापुढे माझ्या अक्षरात: 'चूक. शिट्टी आहे. बेअरिंग गेलेलं. ऐकणाऱ्याचा कान कामातून गेलेला होता.' हे जसंच्या तसं छापायचं, नाहीतर सही रद्द समजा, असं तुझ्या साहेबांना सांग. त्या आवाजाला माझ्याकडे नाव नव्हतं, कारण तो मी कधी ऐकलाच नाही. पोरीने 'किंचाळी' ठेवलंय. चालेल.

सही म्हणजे माफी नव्हे. मोबाइल खिशात ठेवलास, ते मी एक वेळ गिळीन. पण सहा सेकंदांत तू जे ठरवलंस ते माझं मला ठरवायचं होतं. ते अजून गिळता येत नाही.

मागची पत्रंही सोबत पाठवतोय, काही न खोडता. वाईट वाटेल. वाटू दे.

वर्कशॉपमध्ये मोटारी आता लेथवाला ऐकतो. तुझी डबी दुरुस्त होऊन आली तर तीही लावून बघू. स्क्रू ड्रायव्हर खिळ्यावर टांगलाय.

त्या सहा सेकंदांत तुझ्या मनात काय होतं, ते मला तुझ्या तोंडून हवंय. कागदावर नको, पोरीमार्फत नको. वर्कशॉपमध्ये ये, सगळ्यांसमोर सांग, आणि माझ्या डाव्या बाजूला उभा राहून सांग. आठच्या आधी येऊ नकोस. तेव्हा मी टँकवर असतो, आणि पाण्यात असताना मी कुणाचं ऐकत नाही.

दादा